बारा वर्षांची मुलगी, एक गाजलेला सीन, आणि आता फोन येत नाही. काय करावं?

मानेवाड्याची_आई

नमस्कार. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहिते. थोडं लांबेल.

माझी मुलगी सातवीत आहे. मागच्या वर्षी इथे नागपुरात उमरेड रोडला एका मराठी सिनेमाचं शूटिंग झालं, त्यात तिला काम मिळालं. काम म्हणजे काय, चार सीन. पण त्यातला एक, ती किराणा दुकानदाराशी सुट्ट्या पैशांवरून भांडते तो, लोकांनी मोबाइलवर इतका फिरवला की विचारू नका. शाळेच्या व्हॅनचे काका तिला सिनेमातल्या नावानं हाक मारायला लागले. बर्डीच्या बाजारात कपडे घ्यायला गेलो तर दुकानदारानं "बाळा, एकदा म्हणून दाखव न" म्हणत डायलॉग म्हणवून घेतला आणि वर बिलात सूट दिली. ती सूट सासूबाईंनी अख्ख्या कॉलनीत सांगितली.

मग दुसरा सिनेमा ठरला. मापं घेतली, फ्रॉक शिवले. मार्चमध्ये सुरू व्हायचा होता, तारखा गेल्या जूनवर. जूनमध्ये बोलावलं, हीरोइनच्या शेजारी उभं केलं, आणि असिस्टंट म्हणाला, ही आता धाकटी बहीण नाही वाटत, खांद्याच्या वर गेली. उन्हाळ्यात दोन इंच वाढली होती. घेतली दुसरी मुलगी.

त्या दिवशी ती रडली नाही. मला वाटलं, बरं झालं, मनाला लावून नाही घेतलं. दहा-बारा दिवसांनी लक्षात आलं की रात्रीचं दूध मोरीत जाऊन राहिलं. विचारलं तर म्हणते, "दुधानं उंची वाढते न." मी तिथेच मोरीच्या कठड्यावर बसले.

आता मुंबईहून एका मालिकेसाठी विचारणा आहे. सहा-आठ महिने तिथे राहावं लागेल. मिस्टर वीज कंपनीत, त्यांना हलता येत नाही. मी शाळेत शिक्षिका, बिनपगारी रजा घ्यावी लागेल. सासूबाईंचं म्हणणं, लक्ष्मी दारात आली तर तोंड धुवायला जाऊ नये. मिस्टर म्हणतात, आधी दहावी.

वस्तीतल्या पोरांना घेऊन केलेल्या 'झुंड' सिनेमाचं शूटिंग २०१८ च्या शेवटी आपल्याकडे सुरू झालं तेव्हा माझा भाचा रोज सायकल घेऊन बघायला जायचा. सिनेमा लागला २०२२ च्या मार्चमध्ये. त्यातल्या अंकुश गेडामला २०२३ मध्ये फिल्मफेअरचा पदार्पणाचा पुरस्कार मिळाला, तेव्हा सासूबाईंनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. एवढ्या पोरांतल्या बाकीच्यांचं काय झालं असेल, हा प्रश्न तेव्हा डोक्यात आला नाही. आता रोज येतो.

लहानपणी नाव झालं आणि लगेच आपटी बसली, अशा नटाचं पुढे नेमकं काय होतं? कोणी जवळून पाहिलं असेल तर लिहा. "मुलांवर लादू नका" हे मला माहीत आहे, ते नका लिहू प्लीज.

बर्डीचा_बंड्या

ताई, एवढं टेन्शन नका घेऊ. सचिन पिळगावकरांचं पाहा. 'हा माझा मार्ग एकला' आला १९६३ मध्ये, तेव्हा पोरगं शाळेतही धड जात नसेल. १९७५ मध्ये 'गीत गाता चल'मध्ये थेट हीरो, आणि त्याच वर्षी 'शोले'तला अहमद. १९८८ ला 'अशी ही बनवाबनवी' स्वतः दिग्दर्शित केला. आज साठी उलटली तरी लोक त्यांना ओळखतात. आणि रिंकू राजगुरू घ्या. 'सैराट' २०१६ चा, नववी-दहावीचं वय, राष्ट्रीय पुरस्कारात दखल. गर्दीमुळे शाळेत जाणं मुश्कील झालं होतं, तरी दहावी केली. पुढचा मराठी सिनेमा 'कागर' २०१९ ला. तीन वर्षं थांबली, काही बिघडलं नाही. नशिबात असलं की होते सगळं. पाठवून द्या.

ऑरेंज_सिटी_लोकल

बंड्याभाऊ, पोहोचलेल्यांचीच यादी सांगून राहिले तुम्ही. 'सलाम बॉम्बे' १९८८ चा. त्यातला शफीक सय्यद, रस्त्यावर राहणारं पोरगं, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, सिनेमा ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. पुढे त्यानं बंगळुरूत ऑटो चालवला. ऑटो चालवणं वाईट नाही, माझ्या बाबांनी गणेशपेठला तीस वर्षं चालवला. पण बाबांच्या मागे बसून कोणी "तुम्ही तेच न?" असं विचारत नव्हतं. फरक तेवढाच, आणि तो लहान नाही.

तर्री_जास्त

दूध पाजा आधी. मुंबई कुठे पळून नाही चालली.

विंगेतला

मानेवाड्याच्या ताई, तुमचं दुधाचं वाचलं आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून लिहायला बसलो. इतवारीत साड्यांच्या दुकानात असतो. घाईत लिहितो आहे, चुका पोटात घाला.

१९८६. मी अकरा वर्षांचा, नागपूरच्या महाल भागात भाड्याचं घर. शाळेतर्फे बालनाट्य स्पर्धेत उतरलो. नाटकात मी आजोबा, कापसाची दाढी डिंकानं चिकटवलेली. दुसऱ्या प्रवेशात घामानं ती एका बाजूनं सुटली. मी सरळ ओढून काढली, उलटी लावली आणि म्हणालो, "म्हातारपणी काहीच धड चिकटत नाही बाप्पा." हे नाटकात नव्हतं. जुन्या धनवटे रंग मंदिरात लोक हसता हसता खुर्चीतून पडायचे बाकी होते. अभिनयाचं रौप्यपदक मिळालं. पेपरात फोटो आला, दाढीसकट.

तिथून माझं वाटोळं सुरू झालं. तीन वर्षं ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण टाळ्या वाजत होत्या.

झालं असं की पुढच्या प्रत्येक नाटकात मला म्हातारा द्यायला लागले, आणि प्रत्येक म्हाताऱ्याची दाढी पडायला लागली. गॅदरिंग असो, गणपती असो, बँकेच्या कर्मचाऱ्यांचं स्नेहसंमेलन असो, माझी दाढी पडायचीच. एक सर तर डिंकात मुद्दाम पाणी घालायचे. ती पडली की मी तेच वाक्य म्हणायचो, वन्समोअर यायचा, मी पुन्हा लावायचो, पुन्हा पाडायचो. बाकी नाटकात मी काय करत होतो ते मला आज आठवतसुद्धा नाही. मी बहुतेक दाढी पडायची वाट बघत उभा असायचो.

एकदा आकाशवाणीवर मुलांच्या कार्यक्रमात बोलावलं. सिव्हिल लाइन्सला बाबा सायकलवर डबलसीट घेऊन गेले. काचेच्या खोलीत माइकसमोर उभा राहिलो आणि मला तिथे कळलं की रेडिओवर दाढी पडलेली दिसत नाही. मी वाक्य म्हटलं. काचेपलीकडचे गृहस्थ वाट बघत होते, याचं पुढे काय. पुढे काही नव्हतंच. त्यांनी प्रेमानं दोनदा म्हणवून घेतलं, मग घड्याळ पाहिलं. जाताना पार्ले-जीचा पुडा दिला हातात.

तो माझा पहिला फटका, आणि खरं सांगतो, त्यातून मी काही म्हणता काही शिकलो नाही. बारा वर्षांच्या पोराला असं शिकता येत नसतं. मला एवढंच वाटलं की रेडिओ बेकार आहे.

खरा फटका आवाजाचा. चौदावं लागलं आणि आवाज फुटला. गणपतीत स्टेजवर वाक्य म्हणायला तोंड उघडलं, "म्हातारपणी" खाली गेलं आणि "बाप्पा" वर. लोक हसले. दर वर्षी हसायचे तेवढेच हसले. पण मला विंगेतली पोरंपण हसताना दिसली, आणि ती माझ्या विनोदावर हसत नव्हती. दुसऱ्या वर्षी मंडळानं दुसऱ्या पोराला आजोबा केलं. त्याची पण दाढी पाडली. वाक्य माझंच होतं.

तुमच्या लेकीला दोन इंचांनी काढलं, मला गळ्यानं. यात तिचं काही चुकलेलं नाही, हे तुम्ही तिला सांगितलंच असेल. पण या वयात ते ऐकू येत नाही, कारण नाव झालं तेव्हाही तिनं वेगळं काही केलं नव्हतं न. ती भांडली आणि टाळी आली, ती वाढली आणि फोन बंद झाला. दोन्ही गोष्टी अंगावर येऊन पडल्या. मोठ्या नटाला निदान माहीत असतं की मागच्या दहा प्रयोगांत मी काय बदललं. लहान पोराला हे माहीत नसतं. म्हणून ते देव-देव केल्यासारखं काहीतरी करतं. मी डिंकाची बाटली उशाशी घेऊन झोपायचो. तुमची दूध ओतते.

पुढचं भराभर सांगतो. बारावीत दोनदा नापास. एकोणिसाव्या वर्षी संध्याकाळची विदर्भ एक्सप्रेस पकडून मुंबई. दोन वर्षं गर्दीतली कामं. खिशात पेपरचं ते कात्रण. दाखवायला काढलं की लोक विचारायचे, यात तुम्ही कुठे? दाढीत चेहराच दिसत नव्हता. तो मीच, हे पटवायला माझ्याकडे काही नव्हतं. परत आलो, इतवारीत दुकानात लागलो.

बाबांचं एक पेटंट होतं. मी नाटकाचं नाव काढलं की म्हणायचे, "भगवानदादा आठव. आपल्या अमरावतीचा." खरंच, दादांचा जन्म अमरावतीचा, १९१३ चा. १९५१ मध्ये 'अलबेला'. जुहूला बंगला, आठवड्याच्या सात दिवसांच्या सात मोटारी. पुढे पैसा लावलेले सिनेमे आपटले, सगळं गेलं, शेवटची वर्षं दादरच्या चाळीत. बाबा इथे थांबायचे, त्यांचा मुद्दा झालेला असायचा. मला मात्र त्यातली दुसरी गोष्ट आवडायची. बंगला गेल्यावरही तो माणूस छोट्या-छोट्या कामांत दिसायचा, गर्दीत, आणि नाच आला की नाचायचा. त्याच्याकडे नाच होता. तो जप्त होत नाही. माझ्याकडे दाढी होती.

सत्ताविसाव्या वर्षी वडशाला गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वडसा म्हणजे देसाईगंज, गडचिरोली जिल्हा, झाडीपट्टी रंगभूमीचं मुख्य ठिकाण. दिवाळी झाली की मंडईबरोबर, म्हणजे गावच्या जत्रेबरोबर, नाटकं सुरू होतात ती होळीच्या आगेमागेपर्यंत. रात्री दहाच्या पुढे पडदा वर जातो, पहाटे खाली येतो. शेतात उतरती जमीन खणून प्रेक्षक बसतात, घोंगडी-ब्लँकेटं घेऊन, लेकराबाळांसकट. कंपनीचा नट आज एका गावात बाप असतो, उद्या दुसऱ्या नाटकात खलनायक. तालमीला वेळ कोणाला असतो? म्हणून विंगेतून वाक्यं सांगणारा प्रॉम्प्टर लागतो. मी नट म्हणून गेलो होतो, मला प्रॉम्प्टर केलं. दोन सीझन विंगेत बसून दुसऱ्यांची वाक्यं पुटपुटलो.

आता हे बघा, नटाला शिकायला याहून चांगली जागा नाही. मी वाक्य द्यायचो आणि नट ते उचलायच्या आधी अर्धा क्षण थांबायचा. काही जण त्या अर्ध्या क्षणात मेलेले असायचे, नुसते कान माझ्याकडे. काही जण तेवढ्यात असं काही बघायचे, पदर सारखा करायचे, खाटेवर बसायचे, की प्रेक्षकाला वाटावं, माणूस विचार करतोय. वाक्य माझं, क्षण त्यांचा. मी अकराव्या वर्षी रौप्यपदक घेतलं होतं आणि हे मला सत्ताविसाव्या वर्षी दिसलं.

दुसऱ्या सीझनला ब्रह्मपुरीच्या पुढे एका गावात प्रयोग होता. म्हाताऱ्याचं काम करणारे काका तापानं फणफणले. वाक्यं मला पाठ, मला उभं केलं. रात्रीचे दोन-अडीच झाले असतील. डिसेंबर. थंडीत तो गम नीट बसतच नाही. मुलीला निरोप द्यायचा सीन, आणि मला गालावर गार हवा लागली. दाढी सुटली.

ताई, माझा हात आपोआप वर गेला. सोळा वर्षं झाली होती, तरी हाताला माहीत होतं काय करायचं. उलटी लावायची, वाक्य म्हणायचं, टाळी घ्यायची. जिभेवर "म्हातारपणी" आलंसुद्धा. मी दाढी हातानं दाबून धरली आणि बोलत राहिलो. पूर्ण सीन एक हात गालावर. लोकांना काय दिसलं, तर पोरगी चालली आणि म्हातारा गालावर हात ठेवून उभा आहे. टाळी आली नाही. कोणी रडलं-बिडलं का ते मला दिसलं नाही, समोर दिव्यांचा झगमगाट. आत आलो तर हार्मोनियमवाल्या काकांनी काही न बोलता विडी पुढे केली. मी ओढत नाही, पण घेतली.

तेव्हापासून सीझनमध्ये जातो. कधी चाळीस प्रयोग, कधी पन्नास. नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, बरी मिळते, श्रीमंत कोणी होत नाही. आमच्याच झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या लोकांना कळलं की इकडे असं काही असतं.

आता तुमचा प्रश्न. फटक्यानं नट घडतो असं सगळे म्हणतात. अमिताभचं उदाहरण हमखास देतात, १९६९ ला पहिला सिनेमा, मग पडलेल्या सिनेमांची रांग, मग १९७३ ला 'जंजीर'. बरोबर आहे. पण मधल्या चार वर्षांत त्याला राहायला मेहमूदच्या घरचं छप्पर मिळालं होतं आणि वडील राज्यसभेत होते. अशोक सराफ कित्येक वर्षं स्टेट बँकेतली नोकरी सांभाळून नाटकं करत होते. पडल्यावर शिकायला वेळ लागतो आणि त्या वेळात कोणीतरी चूल पेटती ठेवावी लागते. ती असली तर पडझड कामाला येते. नसली तर नुसतं लागतं.

म्हणून मुंबईच्या लोकांना पैसे विचारायच्या आधी एक विचारा. मालिकेत तुमची मुलगी काय करणार? जर ते म्हणाले, तोच सीन पाहून घेतोय, तसंच भांडायचंय, तर समजा की ते डिंकात पाणी घालून राहिले.

काळा_कोट_सिव्हिल_लाइन्स

विंगेतले काका, दंडवत. मी फक्त कायद्याचं बोलतो, कारण घाईत सही करून मग आमच्याकडे येतात लोक.

मुलगी चौदाच्या आत आहे, म्हणजे बालकामगार कायद्याची २०१६ ची दुरुस्ती आणि २०१७ चे नियम लागू. कलाकार म्हणून काम चालतं, पण अटी आहेत. ज्या जिल्ह्यात शूटिंग, तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्यानं काढायची. गोरेगावची फिल्मसिटी असेल तर मुंबई उपनगर, सेट मीरा रोडला असेल तर ठाणे. त्यासोबतचं हमीपत्र सहा महिन्यांपुरतंच असतं, आठ महिन्यांची मालिका म्हटली की पुन्हा द्यावं लागतं. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती हवीच. सलग २७ दिवसांच्या वर काम लावता येत नाही. शाळा बुडू नये याची सोय निर्मात्याकडे. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस सेटवर हवा. मुलाच्या इच्छेविरुद्ध काम नाही, हेही नियमातच आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तिच्या मेहनतान्यातले निदान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्या नावानं मुदत ठेवीत गेले पाहिजेत, सज्ञान झाल्यावर ते तिचे. ही पावती मागा. "नंतर करू" म्हणाले तर तिथेच चहा संपवून उठा. कागदावर पाच तास आणि सेटवर बारा, हे मी पाहिलेलं आहे. तुमची वही ठेवा, मेकअपला बसली ती वेळ आणि सुटली ती वेळ.

बर्डीचा_बंड्या

काका, मी माझं वरचं अर्धं परत घेतो. नशिबाचं तेवढं राहू द्या.

मानेवाड्याची_आई

सगळ्यांचे आभार. कालच्या रात्री तुमचं सगळं दोनदा वाचलं. मिस्टरांनापण वाचायला दिलं, ते काही बोलले नाहीत, पण वकीलसाहेबांचं लिहिलेलं त्यांनी मोबाइलवरून डायरीत उतरवून घेतलं.

आज मुंबईला फोन केला. विचारलं, रोल काय आहे? त्या मॅडम उत्साहानं म्हणाल्या, "अहो, तोच ना! शेजारची भांडखोर चिमुरडी. तोच टोन पाहिजे आम्हाला, तिनं काही बदलू नये." मी एक आठवडा मागून घेतला. पाच तासांचं विचारलं तर म्हणाल्या, "मॅडम, आपण फॅमिलीसारखे आहोत."

विंगेतले काका, एक विचारू? तुम्ही चूल म्हणालात. तुमच्या घरी ती कोणी पेटती ठेवली?

विंगेतला

विचारलंत ते बरं केलं. लिहिताना ते मी गाळलं होतं.

थोरल्या बहिणीनं. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा ती टायपिंग शिकून एका कचेरीत लागली होती. मुंबईला मला दर महिन्याला मनिऑर्डर यायची ती तिची. पाठीमागच्या चिठोऱ्यावर फक्त "जेवत जा" लिहिलेलं असायचं.

तिला गाणं यायचं. म्हणजे खरंच यायचं, माझ्यासारखं दाढीवालं नव्हे. महालातल्या एका गुरुजींकडे आठ वर्षं शिकली. ज्या वर्षी मी मुंबईला गेलो त्या वर्षी तिची आकाशवाणीची ऑडिशन होती, ती तिनं दिली नाही. सुट्टी मिळत नाही म्हणाली. घरात तेव्हा सगळे माझ्या काळजीत होते. एवढं नाव झालेलं पोरगं, त्याचं कसं होणार. तिचं नाव झालंच नव्हतं, त्यामुळे तिचं काही गेलं असं कोणाला वाटलंच नाही. मला वाटायला मला चाळिशी यावी लागली.

घरात दुसरं लेकरू आहे का ताई?

मानेवाड्याची_आई

आहे. मुलगा, चौथीत.

मी आता उठून त्याला विचारून आले की बाबा, तुझा फुटबॉलचा क्लास कधी असतो. तो म्हणाला, "आई, तो तर मे महिन्यापासून बंद आहे, ताईला ऑडिशनला न्यायचं असायचं म्हणून." चिडून नाही म्हणाला. मला माहीत असेल असं धरूनच म्हणाला.

मुंबईला 'नाही' असं कळवणार आहे. सासूबाईंना अजून सांगितलं नाही, तो वेगळा धागा काढावा लागेल. मुलीला सांगितलं की ते लोक तुला तेच भांडायला लावणार आहेत रोज. ती थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "रोज सुट्ट्या पैशांवरूनच?" मग तुमचं दाढीचं वाचून दाखवलं. डिंकात पाणी घालणाऱ्या सरांवर खूप हसली. रेडिओच्या जागी हसली नाही.

दूध अजून ओततेच. डॉक्टरांकडे शनिवारची वेळ घेतली आहे.

तिनं विचारलंय की झाडीपट्टीत उंच मुली चालतात का.

विंगेतला

उंच चालतात, बुटक्या चालतात, आवाज मागच्या घोंगडीपर्यंत पोहोचला पाहिजे. पण तिला आत्ता कामाला नका आणू, नुसती बघायला आणा. भाऊबीजेनंतरच्या दुसऱ्या शनिवारी वडशाच्या अलीकडे आमचा प्रयोग आहे. नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी असे या, दीडशे किलोमीटरच्या आसपास. छोटी लाईन, म्हणजे नागभीडची नॅरोगेज रेल्वे, २०१९ लाच बंद झाली, गाडी करून या. मी तिला माझ्याजवळ विंगेत बसवतो, प्रॉम्प्टरच्या वहीशी. मुलाला पण आणा.

मानेवाड्याची_आई

येतो. चौघे. पाचवी सासूबाई म्हणून राहिल्या की त्यापण येणार. सोबत काय आणायचं?

विंगेतला

माणशी दोन ब्लँकेटं. पहाटे तीननंतर एकानं भागत नाही.